मेलेल्याने बोलायचं नाही

दार्सोनो आणि जुमादी हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, ही गोष्ट सुराबायाच्या त्या गल्लीत इतकी जुनी झाली होती की आता कुणी ती चघळतही नसे. दोघांची घरं समोरासमोर. मधल्या बोळातून दोन स्कूटर एकदम जात नाहीत. तरी थोरल्याला धाकट्याला काही कळवायचं असलं, की तो आपल्या ओट्यावरून खणखणीत आवाजात म्हणायचा, "वुर्यानी, त्याला सांग, त्याच्या मोरीचं पाणी माझ्या दारात येतंय." आणि समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेला जुमादी म्हणायचा, "ताई, त्याला सांग, पाणी उताराकडेच जातं. डोकं असतं तर कळलं असतं."

वुर्यानी त्यांची मधली बहीण, शेजारच्याच घरात राहणारी. नवरा जहाजावर, घरी शिवणकाम आणि आई. ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "दादा, तो म्हणतो, बघतो." मग, "जुमादी, दादा म्हणतो, सवडीनं बघ." निरोपातले काटे ती माशातल्यासारखे वेचून काढायची. दोघांनीही मूळ वाक्य आपल्या कानांनी ऐकलेलं असायचं, पण तिच्या तोंडून आल्याशिवाय ते पोचलं असं धरत नसत. माणसं काय काय धरून चालतात, त्याला काही ताळ नाही.

भांडण होतं एका होल्यावरून. त्यांच्या वडिलांचा पाळीव होला होता, घुमण्याच्या स्पर्धांत नंबर काढणारा. वडील गेले, दफन झालं, आणि दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा. दार्सोनो म्हणाला, "सोडून दिला. बाबांच्या नावानं." जुमादी म्हणाला, "सोडलास की विकलास?" त्यानंतर दोघांत शब्द झाला नाही.

वडिलांच्या कबरीवर अजून लाकडी पाटीच होती, आणि तीही कुजायला आली होती. दगड केव्हाच घडवून आणलेला, पण तो पोत्यात गुंडाळून वुर्यानीच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. कारण त्यांची आई, जिला तिघंही माक म्हणत, तिनं एकदाच सांगितलं होतं, "दोघांनी मिळून उचलला तरच बसवायचा. हमाल लावायचे नाहीत. जमत नसेल तर थांबा, मी गेले की दोन दगड एकदमच न्या." या वर्षी माकला धाप लागायला लागली होती. चार पावलं चालली की ती बसायची, आणि बसायची ती नेमकी त्या दगडाशेजारी. वुर्यानीला शिवताना समोर एवढंच दिसायचं. देवाकडे तिचं मागणंही एवढंच होतं: माकच्या डोळ्यांदेखत तो दगड उचलला जावा.

ऑगस्ट आला. स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धा म्हणजे पोत्यातली शर्यत, दोरीला टांगलेला पापड हात न लावता खायचा, वंगण लावलेल्या खांबावर चढायचं. हे सगळं नेहमीप्रमाणे ठरलं. शिवाय गल्लीप्रमुख पाक मुल्योतो यांनी गेल्या वर्षापासून मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ घातला होता. तीन विरुद्ध तीन. "यातून सहकार्याची भावना वाढते," असं ते माइकवर म्हणाले होते. वाढली ती मारामारी. मेलेले खेळाडू मागे उभे राहून जिवंतांना ओरडून सांगायला लागले, त्यावरून खुर्च्या फेकल्या गेल्या. म्हणून यंदा नवे नियम आले. एक, संघातले तिघं एकाच घराण्यातले हवेत, म्हणजे भांडणं घरातल्या घरात राहतील. दोन, खेळात मेलेल्यानं फोन पंचाकडे द्यायचा आणि तोंड मिटून बसायचं. "मेलेल्यानं बोलायचं नाही!" पाक मुल्योतो दोनदा म्हणाले. "खऱ्या आयुष्यात बोलतो का कुणी?"

दार्सोनो आणि जुमादी हे दोघं गल्लीतले पट्टीचे नेमबाज. पण वेगवेगळे. एका संघात खेळायचं म्हटल्यावर दोघांनीही आपापल्या ओट्यावरून नकार कळवला. वुर्यानीनं काही आग्रह केला नाही. ती फक्त म्हणाली, "बरं. म्हणजे पंखा परत सुबाकीरकडेच."

गेल्या वर्षीचं पहिलं बक्षीस उभा पंखा होता. तो सुबाकीरनं जिंकला आणि प्लास्टिकही न काढता आजतागायत ओट्यावर ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. वरून तो रोज पुसायचा. यंदाही बक्षीस पंखाच होता. सुबाकीरच्या ओट्यावर दोन पंखे, ही कल्पना दोघा भावांच्या नाकाला मिरच्यांसारखी झोंबली. संध्याकाळपर्यंत दोघांचे होकार आले, अर्थात वुर्यानीमार्फत. सहकार्याची भावना कशानं वाढते हे पाक मुल्योतोंना कुणी सांगितलं नाही.

सराव सुरू झाला. चटईवर मध्ये वुर्यानी, दोन बाजूंना दोघं, माना विरुद्ध दिशांना. ती औषधवाली. म्हणजे कुणी गोळी लागून पडला, की त्याच्याजवळ जाऊन बोट बटणावर दाबून धरायचं, तो उठतो. मध्येच बोट उचललं, तर पुन्हा पहिल्यापासून. पडलेल्याच्या रक्ताची पट्टी संपली की तो मेला, आणि औषधवाली तर गोळी लागली की लगेच मेलीच.

"वुर्यानी, त्याला विचार, गोळ्या आहेत का?"

"जुमादी, गोळ्या आहेत का?"

"ताई, त्याला सांग, होत्या. हे विचारून होईपर्यंत संपल्या."

तसं कुणालाही उठवता यायचं, पण दार्सोनो पडला तर शेजारी उभा असलेला जुमादी त्याला उठवत नसे. "ताई, तुझा माणूस पडलाय," म्हणायचा, आणि वुर्यानी खेळातलं आख्खं गाव ओलांडून धावत यायची. तरीही ते जिंकत गेले. घराण्यातले तिघं ही अट आल्यामुळे बाकीच्या संघांत एक तरी आजोबा होते.

अंतिम सामना रविवारी दुपारी, गल्लीत मांडव घालून. सुबाकीर, त्याची बायको आणि जावई गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. इकडचं तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून मध्ये कर्णा लावून गाणी. दोन्ही संघांच्या मागे माणसांचा गराडा. माक प्लास्टिकच्या खुर्चीत, वुर्यानीच्या पाठीशी, हातात बर्फाचा चहा. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सुबाकीरची बायको लवकर मेली, मग जावई. गल्लीनं टाळ्या पिटल्या. सुबाकीर एकटा उरला, आणि इकडे तिघंही जिवंत. पंखा जवळजवळ घरी आलाच होता.

तेवढ्यात दार्सोनो पडला. कुठूनशी गोळी आली आणि तो भिंतीच्या आडोशाला पालथा. सुबाकीर कुठे दडलाय हे फक्त त्यानंच पाहिलं होतं. जुमादी त्याच्यापासून दोन हातांवर.

"ताई," जुमादी म्हणाला, "तुझा माणूस पडलाय."

"वुर्यानी," दार्सोनो म्हणाला, "लवकर ये. आणि त्याला सांग..."

वुर्यानीचा अंगठा पडद्यावर थांबला. तिला मागे माकची धाप ऐकू आली. या पठ्ठ्यांचे निरोप मी जन्मभर असेच पोचवत राहणार, असं तिच्या मनात आलं, आणि तिला भयंकर राग आला. दोघांचा नाही, स्वतःचा. आपण मध्ये आहोत म्हणून यांचं अडत नाही. तिनं आपली औषधवाली आडोशाबाहेर काढली आणि भर चौकात, उन्हात, नेऊन उभी केली.

गोळी लागायला वेळ लागला नाही.

"वुर्यानी मेली," पंच म्हणाला आणि त्यानं तिचा फोन काढून घेतला. तिनं हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटलं.

पडद्यावर दार्सोनोच्या रक्ताची लाल पट्टी आक्रसत चालली होती.

"ताई, त्याला विचार, तो कुठेय," जुमादी म्हणाला.

वुर्यानी समोर बघत राहिली.

"मेलेल्यानं बोलायचं नाही," पंच म्हणाला.

जुमादी फोनकडेच बघत, जणू फोनलाच, म्हणाला, "कुठेय तो?"

"टाकीच्या मागे," दार्सोनोनं चटईला सांगितलं. "डावीकडे."

"माझी डावी की तुझी?"

"तुझी रे गाढवा! मी पालथा पडलोय, मला कसली डावी!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जुमादीनं सरकून भावाजवळ जाऊन बटणावर बोट दाबलं. पट्टी भरायला लागली. अर्धी भरली आणि त्यानं बोट उचललं.

"अरे, दाब की!"

"होला विकलास का?"

"आत्ता विचारतोस? आत्ता?"

"आत्ताच. खरं सांग, नाहीतर उठवत नाही."

"मरतोय मी इथे!"

"मग लवकर सांग."

दार्सोनोची मान पहिल्यांदा वळली. त्यानं धाकट्याकडे पाहिलं आणि मग मागे खुर्चीकडे. "मेला होता तो," तो हळूच म्हणाला. "बाबा गेले त्याच रात्री. पिंजऱ्यात उताणा पडलेला. सकाळी माक बघणार, म्हणणार धनी गेला, पाखरू गेलं, आता माझा नंबर. काय करू मग? रुमालात बांधला आणि बाबांच्या पायथ्याशी पुरला. वर सोडला म्हणून सांगितलं."

"मला तरी सांगायचंस."

"तू विचारलंसच कुठे? तू विकला म्हणालास."

जुमादीचं बोट हवेतच होतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला बहुतेक पडदाही दिसत नव्हता. वुर्यानीनं ओठ इतके घट्ट मिटले होते की ते पांढरे पडले. आणि तेवढ्यात मागून माक, जिला या खेळातलं 'मरतोय मी' एवढं एकच वाक्य कळलं होतं, चहाचा पेला खाली ठेवून ओरडली, "अरे मेल्या, होल्याचं नंतर बघ! भाऊ पडलाय तुझा, उठव त्याला!"

"प्रेक्षकांनी सांगायचं नाही," पंच म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

जुमादीनं बोट दाबलं. पट्टी पूर्ण भरली, दार्सोनो उठून उभा राहिला, आणि एवढ्या गप्पा होईपर्यंत आरामात टाकीमागून चालत आलेल्या सुबाकीरनं दोघांनाही तिथल्या तिथे आडवं केलं.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जल्लोष झाला. पाक मुल्योतोंनी सहकार्यावर चार शब्द सांगून दुसरा पंखा सुबाकीरला दिला. इकडे चटईवर दोघा भावांनी एकदमच बहिणीकडे मोर्चा वळवला.

"तू चौकात काय करत होतीस?" दार्सोनो म्हणाला.

"तेच म्हणतो मी," जुमादी त्याला म्हणाला. "शेंबडं पोरसुद्धा तिथं जाणार नाही."

"हिच्यामुळे गेला पंखा."

"हिच्यामुळेच."

"चुकलं," वुर्यानी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते दोघांनी आपल्या बोलण्यामुळे आलंय असा समज करून घेतला, म्हणून जुमादीनं तिला सोयाबीनचं तळलेलं टेम्पे आणून दिलं.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर दगड निघाला. कबरस्तानाच्या फाटकापर्यंत हातगाडीवर, पुढे गाडी जात नाही. माक एका जुन्या थडग्याच्या कठड्यावर टेकली. वुर्यानी बाजूला उभी राहिली, सवयीनं कान देऊन.

दोघांनी दोन बाजूंनी दगड उचलला. दार्सोनो उलटा चालत होता.

"जरा डावीकडे घे," जुमादी म्हणाला.

"माझी डावी की तुझी?"

"तुझी रे! पायाखाली बघ, होला तिथेच ना?"

"जरा पलीकडे. आता घे खाली. सावकाश."

दगड बसला. माकनं त्यावर हात फिरवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. परतताना दोघं पुढे चालत होते, सुबाकीरनं दोन पंखे एकदम लावले तर त्याचे फ्यूज कसे उडतील यावर बोलत. वुर्यानी माकला धरून मागून येत होती. सबंध दिवसात तिला कुणी काही सांगायला सांगितलं नव्हतं.