बाप्तिस्म्याची ताटली

"आता बघा कशी लखलखतेय!" जस्टिन गुरुजींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ताटली चर्चच्या पायरीवर मार्थाच्या हातात दिली.

मार्थाने कागद उलगडला. ताटली पांढरीफटक झाली होती. तिच्यावरच्या चित्रात यार्देन नदीच्या काठावर उभा राहून येशूला बाप्तिस्मा देणारा योहान होता, त्याची नुसती पावलं उरली होती. येशू तर पुरताच गेला होता.

"कशानं घासली वो?"

"फरशीचं ॲसिड, तारेची घासणी. आमच्या एस्तेरनं दोन तास मेहनत केली. किती कळकटली होती!"

नेवाशाजवळच्या या चर्चमध्ये चार पिढ्यांच्या पोरांचा बाप्तिस्मा त्या ताटलीतल्या पाण्याने झाला होता. कुण्या मिशनरी मडमेने जाताना ती मागे ठेवली आणि मार्थाच्या सासूला सांगितलं, कोमट पाणी आणि तळहात, बाकी काही लावायचं नाही. सासूमागे एकतीस वर्षं मार्थाने तेच केलं. काल गुरुजी ताटली न्यायला आले तेव्हाही तिने हे सांगून पाहिलं. पण गुरुजी पडले निवृत्त मुख्याध्यापक, वर कमिटीचे सेक्रेटरी. झाडलोट करणाऱ्या बाईकडून शिकायची त्यांना सवय नव्हती.

एवढी धावपळ पुण्याच्या सरांसाठी. जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचे ते अभ्यासक. कुणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या फोटोत, बाळाच्या डोक्याआडून त्यांना अर्धी ताटली दिसली होती. तीनशे वर्षांपूर्वी चीनमधल्या कारागिराने युरोपातलं चित्र समोर ठेवून, युरोपातल्याच गिऱ्हाइकासाठी ती रंगवली असावी, असा त्यांचा अंदाज होता. आज उपासनेनंतर ते यायचे होते.

"गुरुजी, चित्रच पुसलं की समदं! काय करून ठिवलं हे तुमी?"

गुरुजींनी पहिल्यांदाच ताटलीकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण शिकलेला माणूस, लगेच सावरला.

"हे बघा मार्थाबाई, ताटली तुमच्या ताब्यात असते. विचारलंच तर तुम्हीच घासली म्हणायचं. मागची खोली कमिटीची आहे, माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? त्याच खोलीत तिचा नवरा अब्राहाम दोन वर्षं लकवा होऊन खाटेवर पडून होता. त्याला घेऊन ती कुठे जाणार होती?

सर आले. ताटली हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि बाकावर बसले.

"साफसफाईत गेलं हो," गुरुजी हळहळले.

"निदान चित्र कसं होतं, कुणाला आठवतंय?"

पाळकांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी छताकडे. दर बाप्तिस्म्याला पुढच्या बाकावर बसणारी ही मंडळी, पण एकालाही सांगता येईना. मार्थाला राहवलं नाही.

"म्या सांगते. पानी गुडघ्याइतकं. येशूनं हात असे छातीवर धरल्याले. वर कबुतर, त्याचा एक पाय काढायचाच राहिला हुता. योहानाचे डोळे बारीक, वर गेल्याले, चिन्यावानी. आन तो गालातल्या गालात हसत हुता. समद्या चित्रात तो एकटाच."

सरांनी खिशातून वही काढली. स्वतः उठून खुर्ची ओढली. "मावशी, बसा. सावकाश सांगा."

चर्चमध्ये मार्था आजवर खुर्चीवर बसली नव्हती. ती बसली. नदीकाठचं गवत, झाडाखाली ठेवलेल्या वहाणा, सगळं तिने सांगितलं. सर मान हलवत लिहीत होते. तिला फार बरं वाटलं.

"इतकं बारकाईनं पाहिलंय तुम्ही," सर म्हणाले, "मग घासली कुणी ही?"

 गुरुजींच्या पत्नी एस्तेरबाईंनी ॲसिडने चट्टे उठलेली बोटं पदराखाली घेतली. गुरुजी मार्थाकडेच बघत होते.

"म्याच."

"तुम्ही?"

"व्हय."

सरांनी वही मिटली. गुरुजींकडे वळून ते इंग्रजीत काहीतरी बोलले, आणि गुरुजींनी दुःखाने मान डोलावली. मार्था खुर्चीवरून उठली. उठ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.