शुक्रवारचा हप्ता

माझ्या सासूबाई धुरपदाबाईंचा नियम म्हणजे नियम: शुक्रवारी घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही. आमच्या गाडीचा तिसरा हप्ता नेमका शुक्रवारी आला. माझा नवरा हेमराज पैसे घेऊन निघाला, तर या दारात आडव्या! "शुक्रवारे लक्ष्मी घरमाईन काढानी नही!" तो शनिवारी जाऊन भरून आला. पुढचे पंचेचाळीस हप्ते आम्ही पोटाला चिमटा काढून वेळेवर भरले.

शेवटचा हप्ता फिटल्यावर आम्ही दोघं नरडाण्याहून त्याच गाडीनं देवपूरच्या फायनान्स ऑफिसात गेलो, कर्ज फिटल्याचं पत्र आणायला. पेढेसुद्धा नेले होते, मूर्ख आम्ही. गेटवरच्या माणसानं 'तपासणी करायची आहे' म्हणून किल्ली मागितली. हेमराजनं हसत देऊन टाकली.

आत अखिल नावाचे साहेब होते. स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाले, "सत्तावीस हजार बाकी दिसतात. लेट फी."

मी बचत गटाचा हिशेब ठेवते, आकड्यांना घाबरत नाही. खातेउतारा मागून घेतला आणि एकेक ओळ वाचली. त्या एका शनिवारचा पाचशे नव्वद रुपये दंड यांनी पुढच्या हप्त्यातून आधी कापून घेतला होता. म्हणून तो हप्ता तेवढ्यानं कमी पडला, म्हणून त्यालाही दंड, तोही पुढच्यातून. पंचेचाळीस महिने हेच! संतापानं माझे कान तापले.

"एका दिवसाचा दंड घ्या ना, नाही कोण म्हणतं?" मी म्हणाले. "पण दंडावर दंड चढवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आम्हाला गटात शिकवलाय. आणि चार वर्षांत एकदा तरी कळवलंत?"

"वहिनी, तुमचं बरोबरही असेल. तक्रार लिहून द्या, महिन्याभरात उत्तर येईल. गाडी तोवर आमच्या यार्डात राहील."

"नोटीस न देता गाडी ओढून घेता?"

"ओढली कुठे? किल्ली तुम्हीच दिलीत."

हेमराजचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याला देवपूरमधून कारखान्याच्या साहेबांना नरडाण्याला पोचवायचं होतं. ठेकेदार पितांबरनानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक फेरी चुकली की दुसरी गाडी लावीन. त्या फेऱ्यांवरच आमचं घर चालतं.

अखिल साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं: उशीर आमच्या चुकीनं झाला, दंड मान्य, बारा हप्त्यांत फेडू, कुठेही तक्रार करणार नाही. "सही करा, गाडी न्या," ते म्हणाले.

"करू नका," मी हेमराजचा हात धरला. "आपलं बरोबर आहे."

"तुन्हं बरोबर शे, ज्योत्स्ना," तो हळूच म्हणाला. "पन गाडी तेस्नाकडे शे."

त्यानं सही केली. मग साहेबांनी कागद माझ्याकडे वळवला, कारण जामीनदार मी होते. पेन हातात घेऊन मी त्या भरल्या ऑफिसात रडले. आणि चूक आमचीच होती, असं लिहिलेल्या ओळीखाली सही केली.