हुब्बावहिनीच्या मळ्याचा कोपरा

मला एक सांगा, जो कोपरा मळ्यात नाहीच, तो भरून मळा कसा मोजायचा? बगदादच्या उस्तादांनी मला हे तीनदा शिकवलं. तिन्ही वेळा मी मान डोलावली आणि तिन्ही वेळा सगळं डोक्यावरून गेलं. तरी गावाने मला मोजणीदार केलं, कारण वासरात लंगडी गाय शहाणी.

त्या वर्षी दजला नदीला पूर आला आणि हुब्बावहिनीचा मळा पाण्याखाली गेला. लग्नात मेहेर म्हणून मिळालेला, चौरस मळा. त्याच्या एका बाजूला लागून तिच्या दिराची, नुऐमची पट्टी, मळ्याइतकीच लांब आणि सहा काठ्या रुंद. दोन्ही मिळून एक्याण्णव चौरस काठ्या, असं कागद सांगत होता. मळ्याची बाजू किती, नेमका तोच आकडा वाळवीने खाल्लेला. बांध तर वाहूनच गेले. पाणी उतरल्यावर उरणार होतं वहिनीच्या पलीकडच्या कडेचं खजुराचं झाड आणि दोघांमधला हद्दीचा दगड. बिचारीचा नवरा गेलेला, पोट त्या मळ्यावर, आणि नुऐम "मळा सहाच काठ्यांचा" म्हणून अडून बसलेला. "पाणी उतरायच्या आत आकडा काढ," असं काझींनी मला फर्मावलं.

मशिदीच्या ओसरीत मी धूळपाटी मांडली. चौरस काढला. नुऐमच्या पट्टीचे उभे दोन भाग केले, तीन-तीन काठ्यांचे, आणि ते चौरसाच्या दोन बाजूंना लावले. कोपऱ्यात तीन बाय तीनची खाच उरली. उस्तादांनी सांगितलं होतं म्हणून तीही भरली. नऊ. एक्याण्णव आणि नऊ शंभर. शंभराची बाजू किती?

"दहा!" मी ओरडलो. "वहिनीचा मळा दहा काठ्यांचा!"

"दहा दाहे शंभर," नुऐम उसळला. "अरे दीडशहाण्या, सगळी जमीन एक्याण्णव आणि वहिनीला एकटीला शंभर? माझी चूलपण देऊन टाक तिला!"

ओसरी खदखदून हसली. काझीसुद्धा दाढी कुरवाळू लागले. माझे कान तापले. हिशेब पुन्हा केला, पुन्हा दहाच. चुकलं कुठे ते कळेना.

हुब्बावहिनी खांबाआडून पुढे आली. "बिश्रभाऊ, मला शंभर नकोत. माझं आहे तेवढं द्या." तिने पाटीवर बोट ठेवलं. "हा कोपरा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. भरायला घेतला."

"आणि या दोन पट्ट्या?"

"नुऐमच्या."

"मग माझ्या मळ्यात काय करताहेत? काढा की!"

माझा हात हलेना, तेव्हा तिनेच तळहाताने पट्ट्या आणि कोपरा पुसला. दहातून तीन गेले.

"सात साते एकोणपन्नास," काझी बोटांवर मोजत म्हणाले. "साही साती बेचाळीस. झाले एक्याण्णव." आणि त्यांनी सातावर शिक्का मारला.

"पाणी उतरू द्या," नुऐम म्हणाला. "दगड काय म्हणतो ते बघू."

अठरा दिवस मला घास गोड लागला नाही. लोकांचा विश्वास दगडावर, पाटीवर नाही. आणि माझा तरी पाटीवर कुठे होता? नसलेलं घातलं, मग काढलं, आणि म्हणे खरं सापडलं. काय हे गौडबंगाल!

पाणी उतरलं. काझींसह सगळं गाव चिखलात उतरलं. खजुरापासून मी काठी टाकत निघालो. सहाव्या काठीला दगड लागला. ताठ उभा.

"सहा!" नुऐमने मांडीवर थाप मारली. वहिनी मटकन चिखलातच बसली.  माझ्यामुळे हिने उगाच आशा धरली, असं वाटून शरमेने मान वर होईना.

"भाऊ, सातवी टाका," ती म्हणाली.

"वहिनी, दगड इथंच आहे हो."

"टाका म्हणते ना!"

मी सातवी काठी टाकली आणि ती जिथं संपली तिथं तीच उभी रोवली. ती वीतभर गाळात जाऊन खालच्या घट्ट जमिनीला अडायला हवी होती. ती खचकन हातभर आत गेली. मी गुडघ्यावर बसून हात घातला. गाळाने भरलेला चौकोनी खड्डा, अगदी दगडाच्या मापाचा.

 सगळे नुऐमकडे बघत होते, आणि तो आपल्या पायांकडे. पुरात आपल्या होडीतून सगळ्यांत आधी इथं येऊन दगड कुणी हलवला होता, हे विचारायची गरजच उरली नाही.

काझींनी त्याला दगड उचलायला लावला. मी खड्ड्याशी तसाच बसून होतो, हात कोपरापर्यंत चिखलात.

"भाऊ," हुब्बावहिनी उठत म्हणाली, "हा खड्डा भरा. हा तरी खरंच आहे."