सूनबाईची मालिका

त्या मंगळवारी मी वाचनालयातून घरी आले, तेव्हा बाबा टीव्हीमागे गुडघे टेकून वायरी लावत होते. पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लाल भोकात. टीव्हीतून निघालेल्या या तीन वायरी छोटा पडदा असलेल्या पंजाएवढ्या प्लेअरला जोडायच्या, आठ पंचवीसला मालिका सुरू झाली की बटण दाबायचं आणि ती संपेपर्यंत टीव्हीला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे केबलचा डबा नव्हता. मासान शहरातल्या आमच्या जुन्या पाचमजली इमारतीत गच्चीवरचा अँटेना दाखवील तेवढंच दिसायचं. प्लेअरला स्वतःहून चॅनेल निवडता येत नसे. टीव्हीवर जे चालू असेल ते तो मुकाट्याने उतरवून घ्यायचा.

हे सगळं मिरानसाठी चालायचं. मिरान म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, ग्यूचॉलची बायको. ती शिकवणीच्या वर्गांत गणित शिकवते, दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत, त्यामुळे संध्याकाळची मालिका तिला कधी मिळत नसे. कामावर जाताना रोज साडेअकराला ती आमच्याकडे उतरायची, बाबांबरोबर जेवायची आणि आदल्या दिवशीचा भाग त्या छोट्या पडद्यावर बघून पुढची बस धरायची. मी त्या वेळी वाचनालयात. घरी आले की भांड्यांच्या जाळीत पालथे घातलेले दोन वाडगे दिसायचे, आणि मी ते पुसून कपाटात ठेवायची.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाबांचा भात मी लावत होते, रक्तदाबाच्या गोळ्या मी आणत होते, त्यांचे हिवाळी मोजेसुद्धा मीच घेत होते. अडतीस वर्षांच्या बाईने दोन वाडगे बघून जळावं हे शोभत नाही, हे मला कळत होतं.

"बाबा, आज दुसऱ्या चॅनेलवर समुद्री प्राण्यांचा कार्यक्रम आहे," मी भाजी धुता धुता म्हटलं.

उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं.

"काय?" ते टीव्हीमागून डोकावले.

"काही नाही. एक दिवस भाग उतरवला नाही तर काय बिघडेल?"

"सूनबाई येते ना उद्या. पोर दिवसभर उभी असते गं."

"मी काय आडवी पडून पुस्तकं लावते?"

ते हसले, मी विनोद केल्यासारखे. मग सोललेलं संत्रं अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं. "घे. या वेळची गोड निघाली."

मी हात ओले असल्याचं सांगितलं आणि घेतलं नाही.

टीव्हीचा आवाज अगदी बारीक असायचा. तोही माझाच नियम. दोन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तेव्हा मी बाबांना चांगलंच बोलले होते. त्यानंतर त्यांनी तो कधी वाढवला नाही.

मंगळवार हा इमारतीचा कचरा वेगळा करायचा दिवस. साडेआठला सगळे आपापली रद्दी, बाटल्या, पुठ्ठे खाली अंगणात नेतात. बाबा सगळ्या इमारतीचे खोके सपाट करून द्यायचे. वॉचमन त्यांना साहेब म्हणायचा आणि ते त्याला तंबाखूवरून टोमणे मारायचे. मालिका सुरू झाली, प्लेअरचा दिवा लुकलुकायला लागला, आणि बाबा पुठ्ठ्यांची चळत काखेत मारून निघाले. दारातून वळून त्यांनी एक बोट टीव्हीकडे रोखलं, लहान मुलाला दाखवतात तसं. हात लावू नकोस.

त्यांची पावलं खाली उतरल्यावर मी चॅनेल बदललं.

पडद्यावर एक ऑक्टोपस बरणीचं झाकण उघडत होता. मला त्यात फारसा रस नव्हता. मी उभ्या उभ्याच बघत राहिले, आणि प्लेअर तो ऑक्टोपस इमानेइतबारे उतरवून घेत राहिला. मिरानच्या मालिकेत, अगदी मधोमध. जिन्यात पाऊल वाजलं तेव्हा मी पुन्हा मालिका लावली. अकरा मिनिटं झाली होती. बाबा आत आले, हात चोळत खालून तापवलेल्या फरशीवर बसले आणि शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिले. मला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मिरानचा फोन आला. इमारतीतल्या ज्येष्ठांच्या खोलीत सोंगट्यांचा डाव मांडताना बाबा पटावर कलंडले होते. मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तीन दिवस दवाखान्याच्या तळघरातल्या शोकगृहात आम्ही काळ्या कपड्यांत उभे होतो. येणारा माणूस तसबिरीसमोर दोनदा लवायचा, मग ग्यूचॉलसमोर एकदा, आणि मग तिखट लाल रस्सा जेवायला बसायचा. मिरानचा घसा बसला होता. तिला रडताना बघून बायकांचे डोळे पाणावायचे. मी ताटं मोजत होते.

"खरी लेक ती," धाकटी आत्या पेल्यात सोजूची दारू ओतून घेता घेता म्हणाली. "रोज दुपारी येऊन सासऱ्याला सोबत करायची. आणि ही पोटची लेक, आमची हेसुक, बघा. काय गं, तू मनातल्या मनात वाचतेस तशीच रडतेस का?"

सगळे कसनुसे हसले. मीही हसले. तसबिरीतल्या बाबांकडे मात्र बघवेना. ते माझ्याकडे बघत नसून माझ्या मागे उभ्या असलेल्या मिरानकडे बघताहेत, असं मला तिन्ही दिवस वाटत राहिलं.

मातीनंतर तिसऱ्या दिवशीचा विधी झाला आणि आम्ही डोंगरावरच्या कबरीपासून घरी आलो. ग्यूचॉल मृत्यूची नोंद करायला कचेरीत गेला. मिरान आणि मी बाबांचे कपडे बाजूला काढत बसलो. प्लेअर टीव्हीशेजारी होता, वायरी गुंडाळून वर रबर लावलेला.

"तो तुझा," मी म्हटलं. "घेऊन जा. मालिका अजून चालू आहे."

मिरान स्वेटरची घडी घालत होती. तिने मान वर केली नाही. "खरं सांगू, वन्सं? मला ती मालिका कधीच आवडली नाही. सासू ओरडते, सून रडते. मी घरी काय कमी बघितलंय? माहेरी, म्हणजे."

"मग रोज येऊन बघत काय होतीस?"

"मामंजींना सांगायला." तिने घडी मांडीवर ठेवली. "त्यांना ऐकू येत नव्हतं. आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. गिरणीत एकतीस वर्षं मागांमध्ये काढली ना. इयरफोन लावून बघितला, तरी तेच. मग मी एक कानात घालायची, त्यांच्या समोर बसायची आणि जे बोलतील ते मोठ्याने, एकेक शब्द करून सांगायची. ते माझ्या ओठांकडे बघायचे. जेवण गार व्हायचं दोघांचं."

भाजी धुताना पाठीमागून विचारलेले आणि उत्तर न मिळालेले दोन वर्षांतले सगळे प्रश्न मला आठवायला लागले. मला वाटायचं, त्यांना माझ्याशी बोलायचं नसतं.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी किती वेळा म्हटलं. ते म्हणायचे, पोरगी दिवसभर लोकांना हळू बोला म्हणून सांगते, घरी आल्यावर तिला ओरडायला लावू का? तुझं काय, तुला ओरडायचाच पगार मिळतो." ती हसली आणि तिचा बसलेला घसा चिरकला.

मला दिलासा वाटायला हवा होता. ते वाक्य माझ्याबद्दलचं होतं, मायेचं होतं. पण तेही तिच्याकडे होतं. बाबांनी माझ्यावरची मायासुद्धा तिच्याजवळ ठेवायला दिली होती, आणि ती मला आता घड्या घालता घालता परत मिळत होती.

"बुधवारीही सांगितलंस?" मी विचारलं.

"हो." तिने स्वेटरची बाही सरळ केली. "त्या दिवशी मध्येच ऑक्टोपस आला."

खालून भाजीच्या ट्रकचा भोंगा आला आणि गेला. मिरान माझ्याकडे बघत नव्हती. मंगळवारी रात्री घरात दोनच माणसं होती, त्यातलं एक पुठ्ठे घेऊन खाली गेलेलं. गणिताच्या बाईला एवढं कोडं पडायचं कारण नव्हतं.

"मग?"

"मग काय. मी पडद्याकडे बघत राहिले आणि मनाने सांगत गेले. म्हटलं, थोरला मुलगा परत आला, आईच्या पाया पडला, सासू चक्क रडली. मामंजींनी चमचा आपटला मांडीवर. म्हणाले, मी म्हटलं नव्हतं, येणार तो? दोन वाटी भात जेवले." तिने स्वेटर पिशवीत ठेवला. "चांगलं झालं, वन्सं. खऱ्या मालिकेत तो आलाच नाही त्या दिवशी, नंतर कळलं मला."

ती मला वाचवत होती. मी तिला एवढंच म्हणायला हवं होतं की अँटेना हलला असेल, आणि तिने हो म्हटलं असतं. वर्षानुवर्षं आम्ही दोघी तसंच म्हणत राहिलो असतो.

"मिरान, चॅनेल मी बदललं," मी म्हटलं. "मुद्दाम. तुझा भाग बिघडावा म्हणून. तू लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवसापासून मला तुझा हेवा वाटतो. आणि बाबांची शेवटची दुपार तुला मिळाली, म्हणून आत्ता, या क्षणीसुद्धा वाटतोय."