पाटावरचा सव्वा तास

मिल्टन कीन्समधल्या नव्या घराच्या सत्यनारायणाला यतीन पाटावर बसायला तयार झाला, तो एका अटीवर: मधे उठावं लागलं तर कुणी काही बोलायचं नाही.

"बोलायला उरलंय काय?" सुचेता म्हणाली. "अंशुमनच्या मुलीच्या बारशाला तीनदा उठलास. नवऱ्याला काय झालंय, हे मला तीनदा सांगावं लागलं."

तीन वर्षं यतीनचं पोट असंच होतं: कळ आली की टॉयलेटकडे धाव. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे आतड्यांची अतिसंवेदनशीलता, म्हटलं आणि गोळ्यांऐवजी थेरपिस्टकडे पाठवलं. थेरपिस्टने तीन महिन्यांत त्याला शिकवलं ते एवढंच: कळेने भीती वाढते, भीतीने कळ. लगेच पळायचं नाही. चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर, आणि भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. लाट ओसरते. आधी दहा मिनिटांची मीटिंग, मग लेस्टरपर्यंत गाडी. पूजा ही पुढची पायरी, यतीनने स्वतः निवडलेली. सुचेता शेजारीच असणार होती. आपण काय सोसतो ते तिला एकदा जवळून दिसावं, एवढंच त्याला हवं होतं.

रविवारी सकाळी पुण्याचे गुरुजी लॅपटॉपवर आले. हॉलमध्ये तीस माणसं.

"यजमानांनी मधे उठू नये," गुरुजींनी बजावलं.

"गुरुजी, आमच्या यत्याला ते लेखी द्या!" त्याचा मित्र अंशुमन मागून ओरडला. हशा पिकला. महिन्याभरासाठी आलेल्या सासूबाईही तोंडावर हात ठेवून हसल्या.

दुसऱ्या अध्यायाला कळ आली. टॉयलेटचं दार आठ पावलांवर. भीती आठ. मग नऊ. कुर्ता पाठीला चिकटला.

"ओठ काय हलवतोयस?" सुचेता पुटपुटली. "लोक बघतायत."

चार आत, सहा बाहेर. साधुवाण्याची नौका बुडाली, वर आली, तोवर नवाचे सहा झाले. आरतीला तो उभा राहिला तेव्हा तीन.

"जमलं," तो सुचेताला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"आई, बघितलंस?" ती मोठ्याने म्हणाली. "सव्वा तास!"

"मी पहिल्यापासून सांगतेय," सासूबाई म्हणाल्या. "जावयांना काही झालेलं नाही. मनात आणलं की जमतं."

"म्हणजे तीन वर्षं आम्हाला बनवत होतास, यत्या?" अंशुमन म्हणाला.

"नऊ होती," यतीन म्हणाला. "भीती. दहापैकी नऊ."

यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

सुचेता हसली नाही. शिऱ्याचं पातेलं त्याच्या हातात देताना ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांच्या दहाव्याला मी एकटी गेले. तुला विमानात नऊ तास बसवत नव्हतं म्हणून."

"तेव्हा मला हे येत नव्हतं गं."

"तीन महिन्यांत आलं ना? मग बाबा जिवंत असताना का नाही शिकलास?"

उत्तराला ती थांबली नाही. माणसं द्रोण पुढे करून रांगेत उभी होती. यतीनच्या पोटात पुन्हा कळ आली, मघापेक्षा जोराची. टॉयलेट रिकामं होतं. तो शिरा वाढत राहिला.