त्या दिवशी काटा हलला नाही

अख्ख्या नाशकात माझ्याइतका शिकलेला आरपीएम मीटर दुसरा नाही, बरं का! म्हणजे शिक्षण आपलं सातवीपर्यंतच. तोंडावर शून्य ते सात आकडे छापलेत. आठवा विचारलात तर मी खिडकीबाहेर बघतो.

इंजिन मिनिटाला किती हजार फेरे मारतं, ते मी काट्याने सांगतो. जन्म विलायतेतला, साठ वर्षांपूर्वीचा. पोटात लोहचुंबक, त्यावर ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला केसाएवढी स्प्रिंग. इंजिन केबल पिळतं, केबल चुंबकाला गरागरा फिरवते, वाटी त्याच्यामागे धाव घेते आणि स्प्रिंग तिची मान धरून मागे ओढते. आत कायमची हाणामारी! त्या झटापटीत काटा जिथे थांबेल तो आकडा खरा धरायचा. वीजबीज आपल्याकडे नाही.

माझे मालक गंगापूर रोडचे शरच्चंद्र वकील. त्यांची हिरवी, उघडी, दोन माणसांची विलायती गाडी. तिच्यात मी मजेत होतो. गाडी तीनवर चालली की मी दोन ते चारच्या मधे फुगडी घालायचो. वकीलसाहेब मला उलटलेल्या साक्षीदारासारखं दमात घ्यायचे, "एकच काय ते सांग!" आणि बोटाच्या पेराने काचेवर टण्णकन टोला. टोला बसला की मी सहावर उडी मारायचो. त्यांचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा वर जायचं.

शेवटी ते वैतागले. गोळे कॉलनीतली आभा, दातांची डॉक्टर, तिच्याकडे तसलीच लाल गाडी होती. तिच्या वडिलांनी हौसेने घेतलेली, पण चालू झालेली बघायला ते उरले नाहीत. त्या गाडीत कोणीतरी पूर्वी विजेवरचा मीटर बसवला होता. आभाला गाडी मूळ होती तशी हवी होती आणि वकिलांना न नाचणारा काटा. ठरलं, अदलाबदल करायची.

काम चिमाजी मिस्त्रीकडे. द्वारका चौकाजवळ गॅरेज, वय सत्तर, पत्र्यावर हातोडे मारून मारून कान गेलेले. लाल गाडीचं इंजिन त्याने अकरा महिने खपून बांधलं होतं. "हे शेवटचं. हे धावलं का दुकानाला कुलूप," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पिस्टनला तो कापडाने जसं पुसायचा, तसं त्याने स्वतःच्या नातवालाही पुसलं नसेल.

विजेवरच्या मीटरला त्याने हिरव्या गाडीत जपून बसवलं. चार वायरी चारदा तपासल्या, कारण विजेला तो भितो. आणि मला? एका झटक्यात उपटलं, लाल गाडीच्या भोकात कोंबलं, इंजिनाच्या कुशीतलं जुनं बूच काढून केबल ठासली.

"गोल तेवढंच, आटे तेच, तोंड तेच. ह्या येड्याला काय तपासायचं?" म्हणाला.

माझ्या तोंडावर अगदी तळाशी मुंगीएवढा आकडा आहे. त्याचा अर्थ असा, की इंजिनाच्या दोन फेऱ्यांना केबलची एक फेरी हवी. हिरव्या गाडीत तसंच होतं. लाल गाडीत चार फेऱ्यांना एक. म्हणजे तिथे मी जे सांगणार ते बरोबर निम्मं. तो आकडा कोणी वाचला नाही.

रविवारी सकाळी आभा आणि चिमाजी इगतपुरीला निघाले. नवीन बांधलेलं इंजिन, म्हणून चिमाजीने सक्त ताकीद दिली, "ताई, पहिले हजार किलोमीटर काटा अडीच आन् तीनच्या मधे. वर नाय, खाली बी नाय."

पोरगी शिस्तीची. काटा अडीचच्या खाली आला की गिअर खाली टाकायची. मी तीन म्हणत होतो आणि इंजिन सहा हजारांनी ऊर फोडत होतं.

विल्होळीच्या पुढे ती ओरडली, "चिमाजीकाका, हे फार किंचाळतंय हो!"

"आं?"

"किंचाळतंय!"

"काटा किती?"

"तीन!"

"मग रडू द्या. नवं बाळ हाय, रडणारच!"

आता कबूल करतो. मला कळलं होतं. अख्खा डॅशबोर्ड माझ्या बरगड्यांवर लाथा घालत होता. नेहमीसारखी फुगडी घातली असती तर चिमाजीने गाडी थांबवली असती. पण मला येडा म्हणाला होता ना तो! म्हणून मी खोडी काढली. साठ वर्षांत पहिल्यांदा काटा खिळा मारल्यासारखा धरला.

"बघा, किती शहाणा झालाय," आभा म्हणाली. मी आतल्या आत खो खो हसलो.

वाडीवऱ्हेजवळ इंजिन फुटलं. आधी ठो! मग लोखंडाने लोखंडाला चावल्याचा आवाज. पिस्टनचा दांडा तुटला आणि मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर यावं तसा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. उकळतं तेल रस्त्यावर भळभळलं. चिमाजीने घाईघाईने बॉनेट उचललं, आणि आतून उडालेल्या तेलाने त्याच्या उजव्या हाताची साल कोपरापर्यंत निघाली.

हाताकडे न बघता तो भोकात वाकून बघत राहिला. अकरा महिने. मग रस्त्याकडेला धोंड्यावर बसला. माझं हसू तिथे संपलं.

आभाने बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतता ओतता माझ्याकडे बघितलं. इंजिन बंद, मी शून्यावर. दात तपासतात तशी ती अगदी जवळ वाकली आणि तळाचा आकडा तिने मोठ्याने वाचला. चिमाजी उठला. डाव्या हातात पाना घेतला आणि एका घावात माझी काच फोडली. दुसरा घाव आभाने अडवला.

आज दीड महिना झाला. फुटलेल्या भिंतीवर लोखंडाचं ठिगळ मारून चिमाजी तेच इंजिन पुन्हा बांधतोय, बँडेज बांधलेल्या हाताने. दुकानाला कुलूप नाही. विजेवरचा मीटर वकिलांनी स्वतःहून आणून दिला. "आमच्याच म्हाताऱ्या मीटरने घात केला, मी गाडी कानाने चालवीन," म्हणाले.

मी टेबलावरच्या व्हाइसच्या, म्हणजे लोखंडी शिकंज्याच्या, जबड्यात आहे. काचेभोवतीचं कडं सोलून झालंय. आता चुंबक, वाटी, स्प्रिंग सगळं उपसून माझ्या रिकाम्या पोटात त्या विजेवरच्याची आतडी भरणार. तोंड तेवढं माझं राहील.

चिमाजी, एवढंच मागतो, तळाचा तो मुंगीएवढा आकडा खरवडू नकोस. पुढच्या कोणीतरी वाचावा.

शेजारी तो विजेवरचाही उघडा पडलाय. जाता जाता म्हटलं, त्याला एक टोमणा मारावा.

"काय रे पोरा, एवढा शिकलास आणि शेवटी माझ्याच तोंडाने बोलायची पाळी आली ना?"

"असू द्या आजोबा," तो म्हणाला. "साठ वर्षांत एकदा तरी त्या तोंडातून खरं निघेल."