चौथ्या मिनिटाची घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. विलेपार्ल्याच्या एका जुन्या वाचनालयात दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते, तिथल्या टेबलावरची लाकडी मुठीची पितळी घंटा. कॉलेजची मुलं हल्ली माझं नाव कोणत्या अर्थाने घेतात ते मला ठाऊक आहे. त्यावर मी बोलणार नाही. मला वेळ कमी आहे. मला कायमच वेळ कमी असतो.

बोलणाऱ्याला थांबवणं हे माझं काम. भाषण पाच मिनिटांचं. चार मिनिटं झाली की एक टोल, तो इशारा. पाच झाली की दोन टोल, म्हणजे बस्स. मग समोर कुणीही असो.

तांबाकाट्याजवळच्या एका कारखान्यात मला देवघरासाठी ओतलं होतं. ओतताना काठाशी बारीक खडा राहिला आणि माझा आवाज कोरडा निघाला. गिऱ्हाईक वाजवून बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि मला परत ठेवायचं. असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस चंद्रप्रकाश राणे आले. ते गिरणी कामगार होते आणि वाचनालयाचे पहिले कार्यवाह. त्यांनी मला एकदाच वाजवलं.

"हीच द्या," ते म्हणाले. "मला देवाला उठवायचं नाहीये. माणसाला खाली बसवायचंय."

चौथ्या मिनिटाचा टोल ही त्यांचीच कल्पना. गिरणीच्या भोंग्यावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. भोंगा झाला की फाटक बंद, आणि दोन पावलं मागे राहिलेल्या माणसाचा अख्खा दिवस गेला. "भोंगा आधी सांगत नाही," ते म्हणायचे. "आपली घंटा आधी सांगेल." मी लहान होते. या वाक्यात विशेष काय आहे ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांच्यानंतर मी वनमालाबाईंच्या हाती आले. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मनगटात दया नाही. एकदा एका नगरसेवकाचं 'शेवटचा एकच मुद्दा' हे वाक्य त्यांनी 'शेवटचा' या शब्दावर तोडलं होतं. मला त्या फार आवडतात.

पाच वर्षांपूर्वी नितेश नावाचा तरुण कार्यवाह झाला. "बाई, आता घंटा कोण वाजवतं? मोबाइलमध्ये झकास टायमर आहे ना. फुकट!" असं म्हणून त्याने मला कपाटात टाकलं. एका बाजूला कॅरमच्या पावडरचा डबा, दुसऱ्या बाजूला जुने बिल्ले. पाच स्पर्धा मी लाकडी दाराआडून ऐकल्या. राग यायचा, पण तो वाजवणार कशी?

यंदाचा विषय फळ्यावर लिहिला होता: 'अ‍ॅपची ऑनलाइन दुकानं आणि संदेशांचे मंच यांच्यावर सरकारचं नियंत्रण हवं.' पहिला वक्ता तिसऱ्या मिनिटाला रंगात आला आणि नितेशचा फोन मोठ्याने गायला लागला. टायमरच्या फुकट अ‍ॅपमध्ये रमीची जाहिरात! नितेश बटणं दाबत सुटला, पण ती तीस सेकंदं बंदच होईना.

"नितेश," वनमालाबाई म्हणाल्या, "उत्तेजनार्थ बक्षीस टायमरला देऊन टाकू या का?"

सभागृह हसलं. बाईंनी कपाट उघडलं, पदराने मला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मी पुन्हा उजेडात आले.

तिसरा आला सुबोध. घाटकोपरचा, बोलायला तिखट. तो विषयाच्या विरोधात बोलला. "सगळे म्हणतात, कंपन्या माजल्यात. मान्य आहे! त्या कुणालाही न विचारता अ‍ॅप काढून टाकतात. पण तेच बटण उद्या साहेबाच्या हातात दिलं, तर साहेब आधी काय काढेल? तुमची तक्रार! अफवा पसरवणारा शोधायला तुम्ही संदेशाचा उगम शोधायचं यंत्र मागता. मग त्याच यंत्राने तुंबलेल्या गटाराचा फोटो पाठवणारी बाईही सापडेल. तिचं काय करणार?"

टाळ्या पडल्या. खरं सांगते, मलाही ते पटलं. दोन टोल झाले तेव्हा तो बोलून मोकळा झालेला होता.

चौथी आणि शेवटची माधुरी. गोवंडीची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. दुसऱ्या रांगेत तिची आई शकुबाई बसली होती. मूळची जालन्याकडची, आता एका इस्पितळाच्या धुलाईत कामाला. मुलीचं भाषण ऐकायला तिने पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

माधुरीने कागद आणला होता, पण उघडला नाही.

"आमच्या वस्तीत पाणी कधी येईल याचा नेम नाही," तिने सुरुवात केली. "आधी आमचा मेसेजचा ग्रुप होता. एक दिवस त्यात कुणीतरी टाकलं, टाकीत औषध पडलंय, पाणी पिऊ नका. बायकांनी भरलेले हंडे ओतून दिले. अफवा होती. कुणी टाकली ते आजवर कळलं नाही. मग मी अ‍ॅप बनवलं, 'पाणी आलं' नावाचं. प्रत्येक गल्लीतली एक ठरलेली बाई नळ सुरू झाला की बटण दाबणार, मग सगळ्यांना कळणार. सातशे घरं वापरत होती. पाणी कधी आलं आणि कधी आलंच नाही, याची दोन वर्षांची नोंद त्यात आहे. वॉर्ड ऑफिसात आम्ही तीच दाखवतो. दुसरा पुरावा आमच्याकडे नाही."

ती थांबली. घोटभर पाणी प्यायली.

"अठ्ठावीस दिवसांपूर्वी दुकानवाल्या कंपनीने ते बंद केलं. एका ओळीचं कारण, 'धोरणाचा भंग'. मी दोनदा अपील केलं, दोनदा तेच उत्तर आलं. परवा तीस दिवस होतील आणि सगळी नोंद पुसली जाईल. मला एक माणूस भेटत नाही, ज्याला विचारू, माझं चुकलं काय? वर म्हणतात, 'आम्ही दोन वेळा फोनवरून संपर्काचा प्रयत्न केला.' साफ खोटं! मला एकही—"

"माधुरी."

दुसऱ्या रांगेतून आवाज आला होता. शकुबाई उभी होती.

श्रोत्यांनी मधे बोलायचं नाही, हा इथला सर्वांत जुना नियम. अशा वेळी मला जोरात वाजवतात. बाईंचा हात माझ्या मुठीवर आला. आणि त्यांनी दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत माझा लोलक धरून ठेवला.

"घड्याळ थांबवलंय," त्या म्हणाल्या. "वक्त्याची वेळ चालू नाही. बोला बाई."

"फोन आलता," शकुबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "दोनदा. तिनं अ‍ॅपमधी माझा नंबर दिला होता, तिचा रिचार्ज संपतो म्हणून. कोण तरी विंग्रजीत बोलाय लागलं, नंबर, नंबर, कोड. फोन लावला की रोज आधी सांगत्यात ना, अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका? म्या म्हणलं, ओटीपी मागतोस व्हय रे मुडद्या? आन् कापला."

"दोन्ही वेळा?" माधुरीने विचारलं.

"दुसऱ्या टायमाला बलॉकबी केला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. शकुबाई मुलीकडे बघत होती. "तू घरात कायच सांगितलं नाहीस गं. नुसती जेवत नव्हतीस. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन आलंय."

या बाईची काय चूक? तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं, आणि मन लावून केलं. कंपनीच्या लेखी इशारा देऊन झाला होता. पण तो कोणत्या भाषेत दिला आणि कुणाला पोचला, हे बघायला तिथे कुणी बसलेलंच नव्हतं. न ऐकू आलेला टोल हा टोल नसतो. हे मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगते.

"दीड मिनिट गेलं," वनमालाबाईंनी घड्याळ बघितलं. "सुबोध, एकाला सवलत तर दुसऱ्यालाही. तुझं दीड मिनिट राखून ठेवलंय. माधुरी, तीन मिनिटं दहा सेकंदांपासून. बोल."

माधुरीचा चेहरा लालबुंद झाला होता. कागद तर तिने आता चुरगळलाच. "सुबोध म्हणतो, साहेबाच्या हातात बटण देऊ नका. बरोबर आहे त्याचं. आमचं अ‍ॅप साहेबांनाही नकोच आहे. पण आज बटण ज्याच्या हातात आहे, तो मला दिसतसुद्धा नाही. मग मी भांडू कुणाशी? भिंतीशी?"

चौथं मिनिट. मी एकदा वाजले. तिने मान हलवली. ऐकलं, असं मला सांगितलं तिने.

नंतरचं मिनिट तिने भराभर खर्च केलं. कारण लेखी द्या, आमच्या भाषेत द्या, उत्तर द्यायला मुदत द्या, आणि हे बंधन कंपनीवर घालणाऱ्या सरकारवरही घाला. शेवटी ती म्हणाली, "मला कंपनीची मेहेरबानी नको, सरकारचीही नको. मला फक्त—"

टण, टण.

मीच तोडलं ते वाक्य. सगळं सभागृह 'अरे' म्हणालं. माधुरी मात्र एक अक्षर जास्त न बोलता खाली उतरली. आजवर मी शेकडो वाक्यं तोडली आहेत, पण मागे धावून परत आणावंसं वाटलेलं हे पहिलंच.

सुबोध आपल्या दीड मिनिटासाठी मंचावर आला.

"मला हिचं खोडून काढायचं होतं," तो म्हणाला. "पण तीस दिवस परवा संपतात यार! तो फोन खातं कुणाचं ते पडताळायचा असणार, ते झालं की कुलूप उघडेल. मावशी, तुमचा फोन द्या ना. आधी तो नंबर अनब्लॉक करतो."

मंचावर उभं राहूनच तो शकुबाईच्या फोनची बटणं दाबू लागला. माधुरीने आपल्या फोनवरून कंपनीला 'पुन्हा फोन करा' अशी विनंती पाठवली. दीड मिनिट संपलं. मनात म्हटलं, बाई, आता नको ना. पण बाईंनी मला वाजवलं. दोन टोल. सुबोधने निमूट मंच सोडला आणि खाली शकुबाईच्या शेजारी जाऊन तेच काम पुढे चालू केलं. नियमाचं काहीच बिघडलं नाही, माणसाचंही नाही.

निकाल लागायचा होता, पण परीक्षकसुद्धा माना वळवून दुसऱ्या रांगेकडे बघत होते. आणि फोन वाजला.

शकुबाईने तो कानापासून वीतभर लांब धरला. "सांगायचा का रे कोड? कुणाला सांगायचा नाय म्हणत्यात."

"आपण नाही सांगायचा मावशी, तो सांगणार आहे! माधुरी, लिही लवकर."

यंत्राने इंग्रजीत सहा आकडे सांगितले. माधुरीने ते तळहातावर लिहिले आणि एकेक करत फोनमध्ये भरले. पडद्यावर हिरवी खूण आली. "झालं," ती म्हणाली. मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. शकुबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, "आगं, आता झालं ना, आता कशाला रडतीस?" आणि मग स्वतःच रडली. टाळ्या थांबेनात. बाईंनी मला वाजवलं नाही. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.

पहिलं बक्षीस सुबोधला मिळालं, दुसरं माधुरीला. ठराव हात वर करून मताला टाकला तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखेच हात वर आले. बाईंनी तसंच लिहून ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी माधुरी वाचनालयात आली. 'पाणी आलं' पुन्हा सुरू झालं होतं, दोन वर्षांची नोंद जशीच्या तशी होती. कुलूप उघडलं पण कंपनीने अजून कारण कळवलेलं नाही, हे सांगताना ती चिडली. आनंदात असूनही चिडली. मला ते फार बरं वाटलं.

"बाई, तुमची घंटा एकदा वाजवाल?" तिने फोन पुढे धरला. "मला आवाज हवाय."

"त्या दिवशीचं वाक्य आधी पूर्ण कर," वनमालाबाई म्हणाल्या. "चार दिवस झाले, माझ्या डोक्यातून जात नाहीये ते."

माधुरी हसली. "मला फक्त चौथ्या मिनिटाची घंटा हवीय, एवढंच म्हणायचं होतं."

बाईंनी मला उचललं आणि एकदा वाजवलं. मग थांबून आणखी दोनदा.

आता नियम करणाऱ्यांनो, दिल्लीत बसला असाल नाहीतर एखाद्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत, माझं ऐका. मी जन्मभर माणसांना थांबवलंय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. थांबवा, जिथे थांबवायचं तिथे जरूर थांबवा. पण वाजवणारा हात सगळ्यांना दिसू द्या. सगळ्यांना सारखं वाजवा. आधी एक टोल द्या आणि तो पोचला की नाही ते बघा. आणि कुणी काय बोलायचं, ते घंटेने ठरवू नका.

मी अजून त्याच टेबलावर आहे. कपाटात आता नितेशचा टायमर आहे, म्हणजे त्याने फोनमधून तो काढूनच टाकला. पुढच्या स्पर्धेपर्यंत मला इथे काम नाही.

गोवंडीत मात्र आहे. रोज कुठल्यातरी गल्लीत ठरलेली बाई बटण दाबते आणि सातशे घरांत माझा कोरडा आवाज घुमतो. एक टोल म्हणजे पाणी आलं. दोन टोल म्हणजे धार बारीक झाली, आता जाणार, शेवटचा हंडा भरून घ्या. शकुबाई म्हणे तो पहिला टोल ऐकला की हातातलं काम टाकून उठते. आयुष्यभर मी माणसांना खाली बसवलं. आता कुठे माझ्या आवाजाने कुणीतरी उठून धावतंय.